कुलूप वाचणाऱ्यांची बाजू

साहित्याच्या अभ्यासकांपुढे कुलपांचा विषय मांडणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. तरीही आम्ही तो मांडतो आहोत, आणि आमची भूमिका आरंभीच सांगून टाकतो. उच्च सुरक्षेसाठी बनवलेली, नेहमीच्या पाहण्यात न येणारी कुलपे ओळखण्याचा एक छंद आहे. एखाद्या अनोळखी कुलपाचा नुसता गाभा हातात आला असता तो कोणत्या रचनेचा, कोणत्या घराण्याचा आणि साधारण कोणत्या काळातला हे पुराव्यानिशी ठरवायचे, असे त्याचे स्वरूप. आमच्या मते हा वाचनाचाच एक प्रकार आहे. आणि आपल्या विद्यापीठांतून वाचन या नावाखाली जे बरेच काही चालते त्याहून अधिक कसोशीचा प्रकार आहे. या छंदाला चोरांची विद्या म्हणणारा एक पक्ष आहे आणि रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणारा दुसरा. दोन्ही पक्षांचे म्हणणे आम्हांला अमान्य आहे. एक भीतीपोटी आणि दुसरा तुच्छतेपोटी, पण सुचवतात ते एकच: वस्तू वापरा, तिच्या आत डोकावू नका.

वाद हवेतला नाही. मध्यंतरी एका महाविद्यालयाच्या छंदप्रदर्शनात मराठीच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने भंगारबाजारातून आणि जुनी दारे उतरवणाऱ्या सुतारांकडून जमवलेले सतरा सिलिंडर मांडले होते. प्रत्येकापुढे तिच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी होती: रचना कोणती, पुरावा काय, खात्री किती. पाच चिठ्ठ्यांवर तिने 'अद्याप अनिश्चित' असे स्वच्छ लिहिले होते. उद्घाटनाला अर्धा तास असताना तिला टेबल आवरायला सांगण्यात आले. शेजारच्या टेबलावर नाणी होती, त्यापलीकडे काड्यापेट्यांचे छाप, आणि त्याच्याही पलीकडे दोन कट्यारी व एक दांडपट्टा. शस्त्रांना कोणाची हरकत नव्हती; कुलपांना होती. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "उद्या कुठे चोरी झाली तर आपले नाव यायचे." दुसरे, तेही साहित्याचेच, म्हणाले, "आणि यात अभ्यास तो काय, बाई?" आमच्यापैकी दोघे तेथे उपस्थित होते. या दोन वाक्यांना सविस्तर उत्तर देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण वस्तू नीट पाहिल्यावाचून पहिल्याचे उत्तर समजणार नाही. सिलिंडर म्हटले की आपल्याला स्वयंपाकघर आठवते. पण कुलपाच्या परिभाषेत सिलिंडर म्हणजे दारातला तो नळकांडीसारखा भाग, ज्यात किल्ली शिरते. बाहेरचे कवच स्थिर असते, आतला गाभा फिरतो. दोहोंना छेदणाऱ्या छिद्रांत स्प्रिंगने दाबलेल्या, दोन तुकड्यांच्या पिना असतात. किल्लीच्या दात्यांनी प्रत्येक पिनेचा सांधा नेमका कवच आणि गाभा यांच्या सीमेवर आणला की गाभा मोकळा होतो. पिना खाली पडून आगळ अडवायची ही कल्पना प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांतही आढळते. तिला आजचे आटोपशीर रूप धाकट्या लायनस येलने १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांनी दिले. आपल्या सदनिकांच्या दारांना जे 'लॅच' असते ते बहुधा याच कुळातले.

उच्च सुरक्षेच्या सिलिंडरात या एका अटीवर दुसरी, कधी तिसरी अट चढवलेली असते, आणि ती कशी चढवली यात त्या त्या घराण्याची प्रतिभा दिसते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात १९६८ साली स्थापन झालेल्या मेडेको कंपनीच्या किल्लीवरचे छेद तिरके असतात. तेथे पिन योग्य उंचीला तर यावीच लागते, शिवाय स्वतःभोवती योग्य कोनात वळावीही लागते. तेव्हाच गाभ्याला अडवणारी बाजूची पट्टी आत सरकते. फिनलंडच्या आब्लॉयमध्ये पिना नाहीत आणि स्प्रिंगही नाहीत. एमिल हेन्रिकसन याने १९०७ साली योजलेल्या त्या रचनेत चकत्यांची चळत असते. अर्धवर्तुळाकार छेदाची किल्ली प्रत्येक चकतीला वेगवेगळ्या कोनात फिरवते, आणि सर्व चकत्यांच्या खाचा एका ओळीत आल्या की पट्टी त्यांत पडते. स्वित्झर्लंडच्या काबाने १९३४ साली दात्यांऐवजी किल्लीच्या सपाट अंगावर खळ्या कोरल्या आणि किल्ली उलटसुलट कशीही घातली तरी चालेल अशी सोय केली. इस्राएलच्या मल-टी-लॉकने पिनेच्या पोटात दुसरी पिन बसवली. म्हणून तिच्या किल्लीवरच्या खळीत आणखी एक खळी दिसते. व्हिएन्नाच्या एव्हा कंपनीच्या एमसीएस या किल्लीच्या पात्यात चार चुंबके असतात आणि त्यांच्या ध्रुवांच्या दिशेनुसार सिलिंडरातल्या चकत्या वळतात. म्हणजे त्या किल्लीची काही अक्षरे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

अशा अनोळखी सिलिंडरपुढे बसलेल्या जाणकाराची रीत पाहण्यासारखी असते. तो नाव शेवटी वाचतो. आधी बाह्याकृती: युरोपात सर्वत्र दिसणाऱ्या सिलिंडरचा गोल भाग १७ मिलिमीटरचा, स्विस धर्तीच्या सिलिंडरचा २२ मिलिमीटरचा, उत्तर युरोपातले कित्येक लंबगोल. मग किल्लीच्या भोकाची आकृती: सरळ की नागमोडी, उभी की आडवी, भोकाशेजारी छिद्रयंत्राला दाद न देणाऱ्या कठीण पोलादाचा तुकडा बसवला आहे का? किल्ली मिळाली असेल तर तिच्यावरचे छेद: दाते की खळ्या, सरळ की तिरके, अंतरे समान की विषम? मूळ मेडेको आणि तिची १९८० च्या दशकातली 'बायॅक्सियल' ही सुधारित आवृत्ती यांतला भेद या शेवटच्या प्रश्नावर ठरतो, कारण सुधारित आवृत्तीत पिनेचे टोक मध्यापासून पुढे किंवा मागे सरकवलेले असते. त्यानंतर पेटंटांच्या आकृत्यांशी पडताळा. आणि हे सगळे झाल्यावर, सिलिंडरच्या तोंडावर कोरलेले नाव.

नाव शेवटी का, हे मराठी घरात तरी समजावून सांगावे लागू नये. ज्याला आपण 'गोदरेजचे कपाट' म्हणतो ते पत्र्याचे कपाट कित्येकदा मागच्या गल्लीतल्या कारखान्यात बनलेले असते. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांपासून धंदा सुरू केला आणि त्यांच्या आडनावाचे पुढे सामान्यनाम झाले. कीर्ती म्हणून ते ठीक. ओळख म्हणून निरुपयोगी. उलट बाजूचेही उदाहरण आहे. एखाद्या सिलिंडरवर 'झाइस इकॉन' हे नाव दिसले तर छायाचित्रणाचा शौकीन ते खोटे समजेल, कारण त्याला ते नाव कॅमेऱ्यांवरून ठाऊक असते. पण १९२६ साली जर्मनीत स्थापन झालेल्या त्याच कंपनीने बर्लिनमध्ये कुलपांचे सिलिंडरही बनवले, आणि कुलपांच्या बाजारातले 'इकॉन' हे नाव त्यातूनच आले. म्हणजे खरे वाटणारे नाव खोटे निघू शकते आणि खोटे वाटणारे खरे. पुराव्याचा क्रम ठरलेला नसेल तर दोन्हीकडे फसगत.

नकलांचा प्रश्न याहून उद्बोधक आहे. पेटंटची मुदत संपली की रचना सर्वांची होते, आणि मग तिच्या प्रती निघतात. बाजारातल्या स्वस्त, खळ्यांच्या किल्ल्यांवर कडेने एक डौलदार नागमोडी चर कोरलेला आढळतो. अस्सल रचनेत अशा चरात अडकणारा एक भाग सिलिंडरात असतो. स्वस्त प्रतीत कित्येकदा त्या जागी काहीच नसते. चर नुसता शोभेचा. पाठचिकित्सेशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे त्यांना येथे ओळखीची खूण पटावी. लेखनिक अर्थ न कळता अक्षर उतरवतो, तेव्हा त्याची ती चूकच पोथ्यांचे कूळ सांगते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती प्रतींची घराणी लावूनच उभी राहिली. प्रमाण अर्थातच फार वेगळे, साधने वेगळी, विषयाचे महत्त्व तर तुलनेपलीकडचे. पण पुरावा आधी आणि निष्कर्ष नंतर, समान चुकांवरून कूळ, आणि जेथे पुरावा पुरत नाही तेथे 'अनिश्चित' असे लिहिण्याचे धैर्य, ही शिस्त त्या सतरा चिठ्ठ्यांत होती. 'यात अभ्यास तो काय' असे विचारणाऱ्यांनी आपल्या विभागात गेल्या काही वर्षांत मान्य झालेल्या प्रबंधांपैकी किती प्रबंधांत 'अद्याप अनिश्चित' हे शब्द सापडतात ते एकदा मोजावे.

आता पहिला आक्षेप. कुलपांच्या रचना चव्हाट्यावर आणल्या तर चोरांचे फावते, असे म्हटले जाते. हा आक्षेप जुना आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे.

लंडनमध्ये जोसेफ ब्रामाने १७८४ साली आपल्या कुलपाचे पेटंट घेतले, आणि १७९० पासून त्याच्या पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप जाहीर आव्हान म्हणून ठेवलेले असे: हे उघडणारे साधन जो बनवील त्याला २०० गिनी. जेरेमाया चबने १८१८ साली पेटंट घेतलेल्या कुलपात आणखी एक युक्ती होती. कोणी परक्या साधनाने आतली तरफ प्रमाणाबाहेर उचलली की कुलूप अडकून बसे आणि कोणीतरी प्रयत्न करून गेला हे मालकाला कळे. हे कुलूप पारखण्यासाठी ते पोर्टस्मथच्या कैदी-जहाजावरील एका कैद्याला देण्यात आले. तो मूळचा कुलपांचा कारागीर. उघडलेस तर माफी आणि १०० पौंड, असे त्याला सांगितले होते. त्याला ते साधले नाही. कुलपाची कीर्ती अशी उभी राहिली: ज्याच्यापासून ते राखायचे त्याच्याच हाती ते सोपवून.

१८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने अमेरिकेहून ए. सी. हॉब्ज नावाचा कुलूपतज्ज्ञ आला. त्याने चबचे कुलूप २५ मिनिटांत उघडले. ब्रामाच्या कुलपाला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण ते आव्हानही संपले. इंग्लंडात मोठी खळबळ उडाली, आणि असे प्रयोग जाहीरपणे व्हावेत का, ही चर्चा सुरू झाली. त्या चर्चेला चार्ल्स टॉमलिन्सन यांनी संपादित केलेल्या, १८५३ साली निघालेल्या कुलपांवरील छोटेखानी ग्रंथात दिलेले उत्तर आजही पुरेसे आहे. त्याचा आशय असा: चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात आणि आपण शिकवू त्याहून अधिक त्यांना आधीच येत असते; माहिती दडवल्याने अंधारात राहतो तो प्रामाणिक गिऱ्हाईक. हॉब्ज ज्या कंपनीचे कुलूप घेऊन आला होता तेही अजिंक्य राहिले नाही. धाकट्या येलनेच ते पुढे उघडून दाखवले. उघडण्याच्या या परंपरेतूनच आज आपल्या दारांत बसलेली रचना आली. पुढे १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने लष्करी सांकेतिक लेखनाविषयी हेच तत्त्व मांडले: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होता कामा नये. सुरक्षितता किल्लीच्या गुप्ततेत असावी, कुलपाच्या गुप्ततेत नव्हे.

शिवाय ज्याला आक्षेपक गुप्त म्हणतात ते गुप्त असतेच कोठे? पेटंट याचा अर्थच असा की शोधकाने आपली रचना आकृत्यांसह जगापुढे ठेवायची आणि त्याच्या मोबदल्यात ठरावीक काळ मक्तेदारी घ्यायची. मेडेको, काबा, एव्हा यांच्या रचना त्यांच्या मालकांनीच प्रसिद्ध केलेल्या आहेत. त्या आकृत्या वाचणाऱ्याला मग चोरांच्या पंक्तीला का बसवायचे? झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण व्यवहारात कधी शहाणपणाची असेलही. कुलपाच्या बाबतीत मात्र सव्वा लाख मिळतात मूठ विकणाऱ्याला, आणि रिकामी मूठ येते ती विकत घेणाऱ्याच्या वाट्याला.

दोन अलीकडची उदाहरणे देतो. २००३ साली मॅट ब्लेझ या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने मोठ्या इमारतींतल्या मास्टर-किल्लीच्या व्यवस्थेतला एक दोष प्रसिद्ध केला. एका खोलीची साधी किल्ली, तिचे कुलूप आणि मूठभर कोऱ्या किल्ल्या एवढ्या सामग्रीवर सर्व खोल्यांना लागणारी किल्ली शोधून काढता येते, असे त्यांनी दाखवले. कुलपांच्या धंद्यातील काहींनी त्यांच्यावर टीका केली, आणि हे आम्हांला पूर्वीपासून ठाऊकच होते असेही सांगितले. ठाऊक होते, तर वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला ते का सांगितले नव्हते? दुसरे उदाहरण २००४ सालचे. क्रिप्टोनाइट या नामांकित कंपनीची, गोल नळीसारख्या किल्लीची सायकलची कुलपे बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने उघडतात हे तेव्हा अमेरिकेत उघडकीस आले. या रचनेतली ही दुबळी जागा १९९२ सालीच एका ब्रिटिश सायकल-मासिकात छापून आली होती. मधल्या बारा वर्षांत कुलूप घेणाऱ्याला ती कळली नाही. बोभाटा झाल्यावर कंपनीने कुलपे बदलून दिली. ज्याला ती रचना नुसत्या किल्लीवरून ओळखता आली असती आणि तिच्याविषयी काय लिहिले गेले आहे ते शोधता आले असते, त्याची सायकल बारा वर्षे आधीच शहाणी झाली असती.

विरोधकांच्या एका मुद्द्याला मात्र आम्ही मान देतो. दोष जाहीर होणे आणि दारे दुरुस्त होणे यांच्या दरम्यान काळ जातो, आणि तो काळ गरिबाच्या दारावर अधिक लांबतो. नवे कुलूप फुकट मिळत नाही. म्हणून उघडण्याच्या हत्यारांवर काही बंधने असावीत, यात आम्हांला वावगे दिसत नाही. जपानने २००३ साली असा कायदा केला. योग्य कारणावाचून कुलपे उघडण्याची खास हत्यारे जवळ बाळगणे तेथे गुन्हा ठरला. पण त्याच कायद्यात दुसरी तरतूद आहे, आणि ती आपले विरोधक सांगत नाहीत: इमारतींच्या ठरावीक कुलपांची चोरीला तोंड देण्याची क्षमता उत्पादकांनी गिऱ्हाइकाला दर्शवावी. हत्यार आवरायचे आणि माहिती मोकळी करायची, असा तो विवेक आहे. कुलूप उघडण्याचा खेळ म्हणून सराव करणाऱ्यांची जर्मनीतली संघटना १९९७ साली हॅम्बुर्गला स्थापन झाली. तेव्हापासून या मंडळींचा पाळीव नियम असा की जे कुलूप आपले नाही आणि जे कोणाच्या वापरात आहे त्याला हात लावायचा नाही. आमचा छंद तर त्याहूनही सौम्य. ओळख पटवण्यासाठी कुलूप उघडावे लागतेच असे नाही. बहुतेक वेळा ते दारापासून सुटून भंगारात आलेले असते.

तरीही संशय पडतो तो वाचणाऱ्यावरच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुबाँबच्या प्रकल्पावर काम करणाऱ्या रिचर्ड फाइनमन यांना तिजोऱ्यांच्या कुलपांचा नाद होता. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत एक प्रसंग आहे. एका लष्करी अधिकाऱ्याला त्यांनी त्याचीच तिजोरी उघडून दाखवली, आणि कपाटे उघडी ठेवून काम केल्याने धोका कसा निर्माण होतो ते समजावले. अधिकाऱ्याने तत्परतेने उपाय केला: फाइनमन ज्यांच्या खोलीत येऊन गेले असतील त्यांनी आपल्या कुलपाचे आकडे बदलावेत, असा हुकूम काढला. कपाटे पूर्वीसारखी उघडीच राहिली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि छंदप्रदर्शनातून सिलिंडर उचलायला लावून दांडपट्टा तसाच ठेवणाऱ्यांची बुद्धी याच जातीची आहे.

साहित्याच्या लोकांना या सगळ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न अजून उरतो. आमच्या मते कर्तव्य आहे, आणि ते टाळल्याने आपले नुकसान झाले आहे. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'पासून आला, 'चावी' पोर्तुगिजांकडून आली, 'टाळे' संस्कृत 'तालका'चे वंशज, हे आपण वर्गात हौसेने सांगतो. शब्दाचा प्रवास सांगणारे आपण वस्तूच्या प्रवासापाशी मात्र मुके होतो. कथेत कुलूप आले रे आले की 'बंदिस्त मनाचे प्रतीक' असे लिहून आपण मोकळे. ते कुलूप कोणते, हे विचारण्याची आपल्याला गरज वाटत नाही. वास्तविक अर्थ तेथेच असतो. कडीकोयंड्यात अडकवलेले कुलूप बाहेरून दिसते. घर रिकामे आहे हे ते साऱ्या वाड्याला सांगते, आणि किल्ली शेजारी ठेवली जाते. लॅचचा सिलिंडर आत कोणी आहे की नाही हे सांगत नाही. दार मागे ओढले गेले तर तो घरच्या माणसालाही बाहेर ठेवतो. वाड्यातून सदनिकेत गेलेल्या माणसांच्या कथांमध्ये एकटेपणाविषयी आपण पानेच्या पाने लिहितो, पण त्या एकटेपणाचा अर्धा पाव इंच जाडीच्या पितळेत बसला आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. नाक्यावरचा चावीवाला शेकडो कोऱ्या किल्ल्यांतून नेमकी एक नुसत्या नजरेने काढतो. त्या नजरेला आपण कौशल्य म्हणतो, विद्या म्हणत नाही. का म्हणत नाही, याचे उत्तर कुलपात नाही, आपल्या समाजरचनेत आहे.

दुसरे नुकसान विशेषणांचे. 'उच्च सुरक्षा' हे शब्द आज कोणत्याही खोक्यावर छापलेले सापडतात. अमेरिकेत यूएल ४३७ हे मानक आहे; त्यात कोणत्या हल्ल्याला किती मिनिटे तोंड द्यायचे ते ठरलेले असते. युरोपात ईएन १३०३ हे मानक सिलिंडरला आठ अंकी वर्गीकरण देते, आणि त्यातला प्रत्येक अंक निराळ्या गुणाचा असतो. हे अंक म्हणजे संहिता. खोक्यावरचे विशेषण म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर. मलपृष्ठ वाचून पुस्तकाचे परीक्षण लिहिणाऱ्याला आपण काय म्हणतो? मग खोके वाचून आपले घर सोपवणाऱ्या नागरिकाला संहिता वाचायला शिकवणारा छंद आपल्याला क्षुल्लक कसा वाटतो? दावा आणि वस्तू यांतले अंतर मोजणे हेच समीक्षेचे काम असेल, तर सिलिंडर ओळखणारा माणूस आपला सहव्यवसायी आहे.

आणि बंद ते बंदच राहावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांना मराठी वाङ्मयाच्या इतिहासातली एकच गोष्ट आठवून देतो. महानुभाव ग्रंथ कित्येक शतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत राहिले. ग्रंथ जपणाऱ्यांची कारणे त्यांच्या काळात सयुक्तिक होती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची किल्ली पंथाबाहेरच्या अभ्यासकांना मिळाली. ग्रंथांचे त्यामुळे काही उणे झाले नाही. मराठी गद्याचा इतिहास मात्र नव्याने लिहावा लागला. आपल्या शास्त्राचा एवढा मोठा भाग ज्या किल्लीने उघडला, त्या शास्त्राच्या लोकांनी किल्ली वाचणाऱ्यांकडे संशयाने पाहावे हे शोभत नाही.

आमचे मागणे मोठे नाही. छंदप्रदर्शनात जेथे शस्त्रे चालतात तेथे कुलपेही चालावीत. संग्राहकाला त्याने वस्तू कोठून आणली हे अवश्य विचारावे, पण वस्तूचे नाव त्याने कशावरून ठरवले हेही विचारावे. पाठचिकित्सेच्या वर्गात एखादा तास एक सिलिंडर, त्याची एक अस्सल किल्ली आणि एक नकली किल्ली विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, आणि नकल कोणत्या खुणेवरून ओळखली ते लेखी मागावे. आणि आमच्याशी असहमत असणाऱ्यांनी आज संध्याकाळी घरी पोचल्यावर दार उघडण्यापूर्वी हातातली किल्ली क्षणभर पाहावी. दाते आहेत की खळ्या? छेद सरळ आहेत की तिरके? कडेच्या चराला आत काही उत्तर देते, की तो नुसता शोभेचा? रोज हाताळलेल्या या चार अंगुळांच्या मजकुराचा अर्थ ज्यांना सांगता येत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या वाचनाला चोरी म्हणण्याची घाई करू नये.